निषिद्ध फळ कसं वाचावं: ‘पॅरडाइज लॉस्ट’ हाती घेणाऱ्या नव्या वाचकांसाठी

धार्मिक महाकाव्यातल्या निषिद्ध फळाकडे वळलेला नवा वाचक बहुतेक वेळा आधी उत्तर मागतो. फळ म्हणजे ज्ञान? वासना? सत्तेविरुद्धचं बंड? तिन्ही उत्तरं काव्यात सापडतात आणि खरी पंचाईत तिथेच आहे, कारण ती पात्रांच्या तोंडी सापडतात. कोण बोलतंय, कुणापुढे, कशासाठी, हे न बघता ओळ उचलली की सैतानाची वकिली कवीचं मत म्हणून निबंधात उतरते. म्हणून इथली पद्धत उलटी आहे. अर्थाचं नंतर बघू. आधी फळाबद्दल बोलणाऱ्यांची हजेरी घ्यायची.

मुख्य पाठ म्हणून इंग्रज कवी जॉन मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’ घेतलं आहे. आदाम आणि हव्वा या बायबलमधल्या पहिल्या जोडप्याने सैतानाच्या नादाने देवाने मना केलेलं फळ खाल्लं, त्या पतनाचं हे महाकाव्य. त्याच्या पहिल्याच ओळीचा शेवट ‘फ्रूट’ या शब्दाने होतो, आणि या एका फळाच्या वर्णनात कवीने इतकी बारीक कारागिरी केली आहे की पद्धत शिकायला याहून सोयीचा पाठ मिळणं अवघड. इटालियन कवी दान्ते आणि मराठीत ओव्या रचणारे फादर स्टीफन्स शेवटी येतील.

प्रत निवडताना

हे काव्य १६६७ मध्ये दहा सर्गांत छापलं गेलं. १६७४ च्या दुसऱ्या आवृत्तीत मिल्टनने सातवा आणि दहावा सर्ग प्रत्येकी दोन भागांत तोडून बारा सर्ग केले. आज सर्वत्र बारा सर्गांचा पाठ चालतो आणि खालचे सगळे क्रमांक त्याचेच आहेत. पहिल्या आवृत्तीची प्रतिकृती हाती आली असेल तर फळ खाण्याचा प्रसंग तिच्यात आठव्या सर्गात दिसेल, नवव्यात नाही.

प्रतीत तीन गोष्टी हव्यात: दर पाच किंवा दहा ओळींना क्रमांक, पानाच्या तळाशी टीपा आणि आधुनिक स्पेलिंग. टीपा पुस्तकाच्या शेवटी असतील तर पन्नास ओळींत वाचनाची लय मोडते. गद्य रूपांतर आधाराला ठेवायला हरकत नाही, पण त्यावरून नोंदी करू नका. मिल्टनचा छंद निर्यमक आहे; यमक नसल्यामुळे ओळ कुठे तुटते यावर बरंच काही अवलंबून असतं आणि गद्यात नेमकी तीच जागा बुजते.

पायरी १: उत्पत्तीचे दोन अध्याय

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचे दुसरा आणि तिसरा अध्याय आधी वाचा. दोन्ही मिळून ४९ वचनं आहेत. अर्ध्या तासाचं काम. वाचताना काय आहे यापेक्षा काय नाही ते टिपा. फळाचं नाव नाही. रंग नाही. सैतान नाही, फक्त साप आहे. झाडं मात्र दोन आहेत (२:९, म्हणजे अध्याय २, वचन ९): एक जीवनाचं, दुसरं बऱ्यावाईटाचं ज्ञान देणारं. या दोन झाडांची सरमिसळ ही नवख्यांची सगळ्यात जुनी चूक.

आणखी दोन खुणा करून ठेवा. खाऊ नकोस ही आज्ञा २:१७ मध्ये येते तेव्हा स्त्री अजून निर्माण झालेली नाही. आणि ३:३ मध्ये तीच आज्ञा सापाला सांगताना स्त्री ‘स्पर्शही करू नये’ असं वाढवून सांगते. ३:६ या एका वचनात तिची तीन कारणं आहेत: फळ खायला चांगलं, डोळ्यांना सुखद, शहाणपणासाठी हवंहवंसं. मिल्टन हेच वचन उसवून मोठं करतो.

पायरी २: काय आणि कोणत्या क्रमाने वाचायचं

सगळं काव्य दहा हजार पाचशेहून जास्त ओळींचं आहे. फळापुरतं वाचायचं तर जवळपास १९०० ओळी पुरतात, म्हणजे पाचवा हिस्साही नाही. क्रम असा ठेवा:

सर्ग १, ओळी १–२६
सर्ग ४, ओळी १७२–५३८
सर्ग ५, ओळी १–१३५
सर्ग ७, ओळी १०९–१३०
सर्ग ८, ओळी ३११–३३७
सर्ग ९, पूर्ण (११८९ ओळी, काव्यातला सगळ्यात लांब सर्ग)
सर्ग १०, ओळी ४६०–५८४
सर्ग ११, ओळी १–४४

नववा सर्ग मोठ्याने वाचायला दीड तासाच्या आसपास लागतो. तो एका बैठकीत वाचावा, बाकीचे तुकडे सवडीने. थेट नवव्यावर उडी मारू नका. हव्वेचं पाचव्या सर्गातलं स्वप्न माहीत नसेल तर नवव्यातलं अर्धं काम नजरेतून निसटतं.

पायरी ३: चार रकान्यांची वही

वहीचं पान आडवं धरा आणि चार रकाने आखा: सर्ग आणि ओळ; बोलणारा; फळासाठी किंवा झाडासाठी वापरलेले शब्द; त्या क्षणी बोलणाऱ्याला काय साधायचं आहे. निवेदकालाही एक बोलणारा धरा. ‘झाड’, ‘फळ’, ‘चव’, ‘वास’ यांपैकी काहीही आलं की एक नोंद. पंचवीस-तीस नोंदी झाल्या की काम सुरू होण्याइतका माल जमतो.

नमुन्यादाखल काही नोंदी अशा होतील (४.२१८ म्हणजे सर्ग ४, ओळ २१८).

४.२१८–२२२, निवेदक. जीवनाच्या झाडावरची फळं अमृतासारखी, जणू झाडाला लगडलेलं सोनं. त्याला लागून ज्ञानाचं झाड, ‘आपलं मरण’. या दुसऱ्या झाडाच्या फळाचं वर्णन इथे शून्य आहे. तिसऱ्या रकान्यात ‘काही नाही’ असं ठळक लिहा, कारण ते पुढे कामाला येणार आहे.

४.४२७–४२८, आदाम. ते झाड म्हणजे आपल्या आज्ञापालनाची उरलेली एकुलती एक खूण. मरण म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही, ‘काहीतरी भयंकर असणार’ एवढंच तो म्हणतो.

४.५१४–५१६, सैतान, लपून ऐकत. ज्ञानाला मनाई? संशयास्पद आहे, बिनबुडाचं आहे. त्याला फटीची गरज होती आणि ती त्याला आदामच्या बोलण्यात मिळाली.

८.३२५, देव, आदामच्या आठवणीतून. आज्ञापालनाचं आणि निष्ठेचं तारण, म्हणजे हमी.

९.५७७–५७८, सापाच्या रूपातला सैतान, हव्वेपुढे. तांबूस आणि सोनेरी रंगांची मिसळ.

आता पहिली आणि शेवटची नोंद शेजारी ठेवा. निवेदकाने सोनं दिलं होतं जीवनाच्या झाडाला. ज्ञानाच्या झाडाला ते चढवतो सैतान. ही चोरी काव्यात कुठेही उघडपणे सांगितलेली नाही. ती वहीतच दिसते.

सफरचंदाचंही असंच आहे. फळ सफरचंद होतं असं सगळेच गृहीत धरतात. संपूर्ण ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये या फळाला सफरचंद म्हटलं गेलंय ते दोनदा: ९.५८५ मध्ये हव्वेला भुलवताना आणि १०.४८७ मध्ये नरकात परतल्यावर, ‘एका सफरचंदावर माणसाला गुंडाळला’ अशा थाटात फुशारकी मारताना. दोन्ही वेळा बोलणारा सैतानच. निवेदक ९.८५१ मध्ये हव्वेच्या हातातल्या फांदीचं वर्णन करतो तेव्हा फळावर मऊ लव आहे. सफरचंदावर लव नसते. मिल्टनला त्या शब्दाचं वावडं होतं असंही नाही, कारण १६४४ च्या ‘अॅरिओपॅजिटिका’ या गद्य पत्रकात तो स्वतः एका चाखलेल्या सफरचंदाच्या सालीतून बरंवाईट जुळ्यांसारखं बाहेर पडल्याचं लिहितो. म्हणजे काव्यात हा शब्द सैतानाच्या वाट्याला जातो तो विचारपूर्वक. बाजारात मिळणाऱ्या वस्तूचं नाव दिलं की मनाई पोरकट वाटू लागते, आणि सैतानाला नेमकं तेच हवं आहे.

पायरी ४: दोन बाजू लावा

वही भरली की चौथा रकाना पुन्हा वाचा. बोलणारे आपोआप दोन गटांत पडतात. एका गटाच्या लेखी फळात स्वतःचं काही सामर्थ्य नाही. ते खूण आहे, तारण आहे. निवेदक तर ९.६४४–६४५ मध्ये त्याला सरळ ‘मनाईचं झाड’ म्हणतो. दुसऱ्या गटाच्या मते शक्ती फळातच आहे: खाल्लं की बुद्धी, वाचा, देवत्व. साप स्वतःला पुरावा म्हणून पुढे करतो, मी खाल्लं आणि मला बोलता यायला लागलं. हा पुरावा साफ खोटा आहे. सापाने काही खाल्लेलं नाही. बोलणारा आत शिरलेला सैतान आहे, आणि वाचकाला ते माहीत असताना हव्वेला माहीत नाही.

हव्वा एका गटातून दुसऱ्यात कधी जाते? खाताना नव्हे, त्याच्या थोडं आधी. त्या ओळी पुढच्या पायरीत येतील. पण ती गेल्याची खूण भाषेत सापडते. ९.६७९ पासून सैतान झाडाला पवित्र, ज्ञानी, ज्ञानदायी वनस्पती म्हणून आळवतो. ९.७९५ पासून, खाऊन झाल्यावर, हव्वा त्याच सुरात त्याच झाडाची स्तुती गाते आणि निघताना त्याला वाकून नमस्कार करते (९.८३५). आज्ञेची खूण होती तिची मूर्ती झाली.

पायरी ५: पन्नास ओळी अगदी सावकाश

९.७३३ ते ९.७८४ हा तुकडा तीनदा वाचा. पहिल्या वाचनात फक्त इंद्रियं मोजा. डोळे फळावर खिळले आहेत. कानात सापाचे शब्द अजून घुमताहेत. दुपार होत आली, भूक जागी झाली. वासाने ती चाळवली. स्पर्श करावा की चाखावं अशी ओढ, आणि ती पुन्हा डोळ्यांतून व्यक्त होते. ‘खायला चांगलं, डोळ्यांना सुखद’ या वचनातल्या शब्दांतून मिल्टनने भरदुपारचं एक शरीर उभं केलं आहे. भुकेची वेळ त्याने मुद्दाम साधली आहे. सकाळी अकराच्या पोटाने हा युक्तिवाद कदाचित वेगळा ऐकला असता.

वास हा इथला धागा आहे. तोच खमंग वास ५.८४ मध्ये, स्वप्नात, हव्वेच्या तोंडापाशी आला होता, ९.५७९ मध्ये सापाने त्याचं वर्णन केलं, ९.७४१ मध्ये तो खरोखर आला. तीन नोंदी रेषेने जोडा. स्वप्न ही रंगीत तालीम होती. शिवाय स्वप्नात प्रत्यक्ष खाण्याचा क्षण गाळलेला आहे: ‘चाखल्यावाचून राहवेना’ म्हणताक्षणी ती आकाशात उडते. गाळलेली जागा नवव्या सर्गात भरली जाते.

दुसऱ्या वाचनात ९.७४५–७७९ हे हव्वेचं स्वगत तपासा. बहुतेक विधानं सापाकडून उसनी आहेत. कोणती उसनी, कोणती तिची, हे समासात लिहा. ‘ज्ञानच मनाई केलं म्हणजे चांगलं होणं मनाई केलं’ हा तर चौथ्या सर्गात आडून ऐकणाऱ्या सैतानाचाच मुद्दा, फिरून आलेला.

तिसऱ्या वाचनात लांबी मोजा. स्वगत पस्तीस ओळींचं, आणि कृती? हात पुढे होतो, ‘शी प्लक्ड, शी ईट’, आणि लगेच पृथ्वीला जखम जाणवते (९.७८०–७८२). चार शब्द, सगळे एकाक्षरी उच्चाराचे. इथला ‘ईट’ हा त्या काळचा भूतकाळ आहे, छपाईची चूक नव्हे. चव कशी होती हे निवेदक ठामपणे सांगत नाही. असा आनंद तिला कुठल्याच फळात मिळाला नव्हता असं तिला वाटलं, मग ते खरं असो की अपेक्षेने कल्पिलेलं (९.७८६–७९०). पुढे ती अधाशासारखी खात सुटली आणि आपण मरण खातोय हे तिला कळलं नाही, एवढंच सांगतो. इतका वेळ जिची तयारी चालली ती चव अशी संशयातच राहते.

पायरी ६: ‘फ्रूट’चा श्लेष

इंग्रजीतही फळ म्हणजे परिणाम, आणि मराठी वाचकाला कर्मफळाची सवय असल्यामुळे ही पायरी सोपी जाते. पहिल्या ओळीचा शेवट ‘फ्रूट’वर करून मिल्टन क्षणभर दोन्ही अर्थ उघडे ठेवतो. पहिली आज्ञाभंगाची कृती आणि तिचं फळ, असं वाचून होतं न होतं तोच दुसरी ओळ झाडाकडे नेते. पुढे ९.६४८ मध्ये झाडापाशी आलेली हव्वा म्हणते, इथे फळांची रेलचेल असली तरी माझा फेरा निष्फळ. विनोद अनवधानाने झालेला आहे आणि खाण्याआधी तिच्या तोंडचा तो बहुधा शेवटचा निरागस विनोद. ९.१०७३ मध्ये आदाम चिडून ‘ज्ञानाचं वाईट फळ’ म्हणतो. ९.११८८ मध्ये दोघं एकमेकांना दोष देत ‘निष्फळ तास’ घालवतात. ११.२२ च्या आसपास तोच शब्द सावरला जातो: त्यांच्या पश्चात्तापाच्या प्रार्थना देवापुढे पहिल्या फळांसारख्या ठेवल्या जातात. या पाच जागा पाठच करून टाका.

पायरी ७: खाल्ल्यानंतरची झाडं

इथपर्यंत येऊन वाचन थांबवणारे दोन उत्तम जागा गमावतात. पहिली ९.११०१ पासून. लाज झाकायला दोघं अंजिराच्या जातीचं झाड शोधतात; पण फळासाठी नावाजलेलं नव्हे, तर मलबार आणि दख्खनमध्ये भारतीयांना ठाऊक असलेलं, फांद्या जमिनीत रुजवून खांबांचे मंडप उभारणारं. आपला वड! उन्हं टाळायला सावलीत टेकलेला गुराखीही तिथे आहे. पानं मात्र मिल्टन ढालीएवढी रुंद सांगतो, आणि वडाचं पान हातात घेतलेल्या कुणालाही हसू येईल. तो इकडे कधी आला नव्हता; पुस्तकी वर्णनावर विसंबला. प्रतीकाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की फळाने घात झाल्यावर आधार मिळतो तो फळासाठी प्रसिद्ध नसलेल्या झाडाचा.

दुसरी जागा १०.५४७–५७०. विजयाच्या टाळ्यांऐवजी नरकात फूत्कार उठतो, सगळे साप होतात, समोर त्याच फळांचं बन उगवतं. तहानभुकेने ते झाडांवर चढतात, फळ चावतात आणि तोंडात राख येते. मिल्टन बजावून सांगतो की हे फळ स्पर्शाला फसवत नाही, चवीला फसवतं. नवव्या सर्गात संशयात ठेवलेली चव इथे ठामपणे सांगितली आहे.

जिथे पद्धत अडखळते

‘फळ ही केवळ खूण’ हा निष्कर्ष सगळीकडे बसत नाही. ९.१००८ मध्ये दोघं नव्या मद्याने चढल्यासारखे वागतात. ९.१०४६ मध्ये खुद्द निवेदक ‘फसव्या फळा’ची वाफ त्यांच्या अंगात खेळल्याचं सांगतो. म्हणजे फळात काहीतरी होतंच? वाफ फळाची की अपराधाच्या धुंदीची, यावर अभ्यासक आजही भांडू शकतात. ही नोंद लपवू नका. निबंधात ती विरुद्ध पुरावा म्हणून घातली तर बाकीचं म्हणणं जास्त विश्वासार्ह होतं.

नेहमीच्या चुका

फळ म्हणजे शरीरसंबंध हे उत्तर या काव्यापुरतं टिकत नाही. चौथ्या सर्गात (७४० च्या पुढे) आदाम-हव्वेचा सहवास पतनापूर्वीच आहे आणि निवेदक त्याचं उघड समर्थन करतो. पतनानंतर बदलते ती त्याची जात.

ज्ञानालाच बंदी होती हेही चूक. देवदूत राफाएल आदामच्या प्रश्नांना सर्गच्या सर्ग उत्तरं देतो. ७.१२६ पासून त्याचं म्हणणं असं की ज्ञान अन्नासारखं आहे, पचेल तेवढं घ्यावं; अती झालं तर शहाणपणाचा मूर्खपणा होतो, जसा अन्नाचा वायू. देवदूताच्या तोंडी पोटफुगीचा दाखला, आणि तोही जेवण झाल्यावर.

झाडांची अदलाबदल वर सांगितलीच. ४.१९४–१९६ मध्ये सैतान पाणकावळ्यासारखा बसतो ते झाड जीवनाचं आहे. तिथून त्याला अमरत्व सुचत नाही, फक्त टेहळणीची उंची मिळते.

आदामही फसला असं लिहू नका. ९.९९८–९९९ स्पष्ट आहे: तो जाणूनबुजून खातो, हव्वेच्या मोहापोटी. एकाच फळाचे दोघांच्या हातात दोन अर्थ होतात. तिच्यासाठी ते ज्ञान, त्याच्यासाठी तिची सोबत. ती येईपर्यंत त्याने गुंफलेला गुलाबांचा हार ९.८९२ मध्ये हातातून गळतो आणि पाकळ्या कोमेजतात, अजून त्याने फळाला हातही लावलेला नसताना.

पायरी ८: वही दुसऱ्या काव्यावर चालवून बघा

दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’त दोन ठिकाणी थांबा. ‘पुर्गातोरिओ’ (पापं धुण्याचा डोंगर) या भागाच्या २४ व्या सर्गात खादाडांच्या पायरीवर एक फळांनी लगडलेलं झाड आहे, वर, डोंगरमाथ्यावरच्या ज्या झाडाचं फळ हव्वेने खाल्लं त्याचंच ते रोप. इथे भूक हीच शिक्षा. ‘पाराडीझो’ (स्वर्ग) या भागाच्या २६ व्या सर्गात (ओळी ११५–११७) आदाम स्वतः खुलासा करतो की हद्दपारी झाली ती चव घेतल्यामुळे नव्हे, आखलेली खूण ओलांडल्यामुळे. मिल्टनच्या जवळपास साडेतीनशे वर्षं आधी ‘फळ ही खूण’ हा पक्ष इतक्या नेमकेपणाने मांडला गेला आहे. पण दान्तेकडे भुलवणारा वक्ता नाही, त्यामुळे चौथा रकाना जवळजवळ रिकामा राहतो. दोघांतला फरक त्या रिकाम्या रकान्यातच आहे: एकाकडे निकाल ऐकायला मिळतो, दुसऱ्याकडे अख्खा खटला चालतो.

मराठीत हीच कथा फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवीबद्ध झाली. ते गोव्यात राचोल इथे १६१६ साली रोमी लिपीत छापलं गेलं, ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या एकावन्न वर्षं आधी. जुन्या कराराचा भाग ‘पैलें पुराण’ नावाने येतो आणि आदाम-हव्वेची हकिकत त्याच्या सुरुवातीच्या अवस्वरांत (म्हणजे सर्गांत) शोधावी. देवनागरी प्रत घ्या आणि जुन्या मराठीचा कोश जवळ ठेवा. स्वर्गाला वैकुंठ म्हणणारी ही भाषा आहे, तेव्हा वहीत पाचवा रकाना वाढवा: कोणता शब्द पुराणपरंपरेतून आला आणि कोणता बायबलमधून.